मी, ओल्या काड्या आणि पुण्याचा कोपरा

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. किती जुना ते विचारू नका. माझ्या लाकडी पेटीचं वय वेगळं, सुईचं वेगळं आणि माझ्या गप्पांचं त्याहून वेगळं. जन्माने मी विलायती, पत्त्याने जपानी आणि संगतीने मराठी. मी बढाईखोर आहे असा माझ्यावर आरोप आहे आणि तो खरा आहे. तरी आज जे सांगणार आहे त्यातलं निम्मं अगदी खरं आहे. ते निम्मं कोणतं, ते ओळखायचं काम तुमचं.

उत्तर इंग्लंडमधल्या एका गिरण्यांच्या गावात मी जन्मलो. त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं, की कारखान्यातल्या बाईंनी मला जोडताना दोन मुठी धुकंही आत स्क्रूने आवळून टाकलं. म्हणून अजूनही मला सुरू केलं की मी आधी जरा खोकतो आणि मग गातो. माझ्या पोटात एक मोटर आहे. मोटरच्या दांड्यावर पितळेची एवढीशी पुली, पुलीला टेकलेलं एक रबरी चाक आणि त्या चाकाने फिरणारी वरची तबकडी. ही मोटर स्वतःच्या मनाने चालत नाही. भिंतीतली वीज जो ठेका देते त्यावर ती नाचते. तबल्याची लय चढली की नाचणाऱ्याचे पाय जलद पडणारच. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढे माझा जीव नेमका इथेच टांगला जाणार आहे.

माझा पहिला मालक कॉलिन. लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहणारा, काटकुळा, हिरव्या केसांचा. ते केस इतके हिरवे होते, की गावातली एक गाय जिना चढून वर आली होती. त्याचा एक बँड होता. नाव 'द वेट मॅचेस', म्हणजे ओल्या काड्या. चौघांनाही वाजवता येत नव्हतं आणि चौघांनाही त्याची लाज नव्हती. त्या काळात तिकडे अशा संगीताला पंक म्हणायचे.

एकदा गावच्या वाचनालयाने जुनं सामान काढलं, त्यात कॉलिनला लाखेची एक जाड रेकॉर्ड मिळाली. गावातल्याच एका जुन्या कवीने स्वतःची कविता त्यावर वाचली होती. हा कवी दिवसा ट्राम कंपनीत नोकरी करायचा. पहिल्या महायुद्धानंतर त्याच्यासारख्या अनेकांना वाटू लागलं, की जगच फुटलंय, तर आता यमक जुळवून गोड कविता कशी लिहायची? मग त्यांनी ओळी मोडल्या. जाहिराती, ट्राममधली भांडणं, कुणाचं तरी अर्धं ऐकलेलं बोलणं, सगळं कवितेत आणलं. पुढे आपल्या मराठी कवींनीही छंद मोडून यंत्रं आणि गर्दी कवितेत आणली, तशीच ही मंडळी. आमचा ट्रामवाला कवी तर एक ओळ वाचायचा आणि गप्प बसायचा. इतका गप्प, की कॉलिन पहिल्यांदा धावत आला. त्याला वाटलं, माझी सुई अडकली.

सुई अडकली नव्हती, मित्रांनो. कवी श्वास घेत होता.

कॉलिनने ती रेकॉर्ड माझ्यावर इतक्यांदा लावली, की खालच्या लाँड्रीतले शर्टसुद्धा मध्येच थांबून वाळायला लागले. एके दिवशी त्याने बँडला बोलावलं आणि सांगितलं, "आरडाओरडा आपल्याला कुणी शिकवायला नको. पण गप्प कधी बसायचं आणि किती वेळ, ते या म्हाताऱ्याकडून शिका."

मग त्यांनीही तसंच गाणं रचलं. वर्तमानपत्राची कात्रणं, बसमधली बोलणी, सगळं माझ्या झाकणावर मांडून जुळवलं. गाणं भरात आलं की अचानक थांबायचं. कवी जिथे आणि जितका थांबायचा, तिथेच आणि तितकंच. पहिल्या कार्यक्रमात ते थांबले तेव्हा एवढी शांतता पसरली, की पलीकडच्या गल्लीतल्या पोलिसाला काहीतरी भयंकर घडलंय असं वाटलं. त्याने शिट्टी फुंकली. ती नेमकी सुरात लागली.

या गाण्याची एक छोटी रेकॉर्ड निघाली. दुसरी निघायच्या आत बँड मोडला. ओल्याच काड्या त्या. एकदा पेटल्या हेच नशीब. मी माळ्यावर गेलो, माळ्यावरून जुन्या बाजारात आणि तिथून कुरिहारा नावाच्या जपानी विद्यार्थ्याच्या काखेत. दोन्ही रेकॉर्डी माझ्यासोबत होत्या.

कुरिहारा पुढे जपानमध्ये, त्सुकुबाच्या विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक झाले. सगळे त्यांना सेन्सेइ, म्हणजे गुरुजी, म्हणत. आधी काही वर्षं त्यांनी मला रोज ऐकलं. मग घरात सीडी आल्या, मग त्याही गेल्या, आणि माझी रवानगी त्यांच्या विद्यापीठातल्या खोलीत, कपाटाच्या वरच्या फळीवर झाली. माझ्या डोक्यावर शब्दकोश. जगातले सगळे शब्द डोक्यावर आणि बोलायला कुणी नाही, असे दिवस मी काढले.

मग दोन हजार अकराचा भूकंप आला. मी तेव्हा पाठीने भिंत रेटून धरली म्हणून विद्यापीठाची इमारत उभी राहिली, असं मी सांगत असतो. प्रत्यक्षात शब्दकोश आधी खाली पडले आणि मी त्यांच्या ढिगावर. एका कोपऱ्यात पोचा आला, एवढंच. ज्यांना वर्षानुवर्षं शिव्या घातल्या त्यांनीच मला झेललं.

खोली आवरायला जे विद्यार्थी आले त्यांत विभा होती. पुण्याची. इंग्रजी साहित्य शिकलेली. नवरा शैलेंद्र तिथल्या एका संस्थेत पदार्थविज्ञानाचं संशोधन करायचा, त्याच्याबरोबर ती आली होती. सुरुवातीची वर्षं घर आणि लहानगी लेक वैभवी यांत गेल्यावर तिने पीएचडीला नाव घातलं होतं, पण विषय सापडत नव्हता. तिने मला उचललं, ओढणीच्या टोकाने पुसलं आणि विचारलं, "सेन्सेइ, हा चालतो का?"

"माहीत नाही," ते म्हणाले. "मी चालतो की नाही हेही हल्ली सकाळी उठल्यावरच कळतं. घेऊन जा."

त्या संध्याकाळी तिने आधी कवी ऐकला, मग ओल्या काड्या. पुन्हा कवी, पुन्हा काड्या. मग घड्याळ लावून दोघांच्या शांतता मोजल्या. त्या जुळल्या, तशी ती उठून थेट स्वयंपाकघरात गेली आणि कांदा चिरणाऱ्या शैलेंद्रला म्हणाली, "विषय सापडला."

तर मी विभाच्या घरी राहिलो. जपानी विजेचा दाब आपल्यापेक्षा कमी. म्हणून शैलेंद्रने एक जड ट्रान्सफॉर्मर आणून कोपऱ्यात ठेवला होता. तो मोठ्या ऐटीत सांगायचा, "हा कोपरा म्हणजे पुणे. इथे पुण्याची वीज मिळते." त्या पुण्यात दोघे भाडेकरू होते. एक मी आणि दुसरा मिक्सर. मिक्सर शैलेंद्रच्या आईंनी, म्हणजे दर गुरुवारी पेटीवर भजनं म्हणणाऱ्या अनुराधाबाईंनी, पुण्याहून मांडीवर घेऊन आणला होता. आमचं कधी पटलं नाही. कवी श्वास घ्यायला थांबला, की हा नेमका तेव्हाच खोबरं वाटायचा.

दोन-तीन वर्षांनी विभाचा प्रबंध पुरा होत आला. त्याच सुमारास शैलेंद्रला दूर पश्चिमेला, नागोयात, मोटारींच्या एका कंपनीत, नोकरी लागली आणि घर हललं. त्या हलवाहलवीत एक वाईट गोष्ट घडली. कवीची लाखेची रेकॉर्ड फुटली. तिची दुसरी प्रत कुठेही नव्हती. विभाने तुकडे जुन्या दुपट्यात बांधून ठेवले. "बरं झालं, मोजमाप आधीच केलं होतं," असं ती स्वतःलाच दोनदा म्हणाली.

नागोयाच्या नव्या घरात पुन्हा पुण्याचा कोपरा मांडला गेला. अनुराधाबाई त्यांच्या दुसऱ्या खेपेला आल्या होत्या. विभाने माझ्यावर ओल्या काड्या लावल्या. आणि मित्रांनो, माझ्या पोटात काय झालं कुणास ठाऊक, कॉलिन असा सुटला, जणू मागे कुत्रं लागलंय! आवाज पोरासारखा बारीक झाला. शांतता आली, पण बसायच्या आत उठून गेली. वैभवी मात्र उड्या मारायला लागली. "हायाई! हायाई!" म्हणजे काय जलद, काय जलद!

"अगं बाई," अनुराधाबाई म्हणाल्या, "हा गातोय की रिक्षावाल्याशी भांडतोय?"

विभाने दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तेच. शैलेंद्रने वाकून पाहिलं. ट्रान्सफॉर्मर तपासला. मग मिक्सरमध्ये शेंगदाणे घालून फिरवले. मिक्सर निर्लज्जासारखा गरगरला.

"बघ, मिक्सर मस्त चालतोय. म्हणजे वीज ठीक आहे. हाच गेला. भूकंपात आपटला होता ना? आत काहीतरी तेव्हाच ढिलं झालं असणार."

विभा खुर्चीवर बसली. "तेव्हाच?"

"असेल."

"मग त्सुकुबात तरी हा नीट चालत होता कशावरून? कधी जलद, कधी सावकाश चालत असेल तर? दोघांच्या शांतता जुळल्या हा निव्वळ योगायोग ठरतो, शैलेंद्र."

"पुन्हा मोजू. दुसरा प्लेअर आणू."

"आणि त्यावर काय लावू? कवी फुटलाय ना!"

विभाने प्रबंधाचा गठ्ठा मांडीवर ओढला.

"सगळा प्रबंध त्या प्रकरणावर उभा आहे. ते काढलं तर मागे काय राहतं माहितीये? संदर्भसूची."

मला ओरडावंसं वाटलं. मी बिघडलेलो नव्हतो, मित्रांनो! भिंत मला जो ठेका देत होती त्यावरच नाचत होतो. पण माझ्यात जे कोणी भरलेलं असतं तेच मी बोलू शकतो. स्वतःचं एक अक्षर नाही. एरवी एवढा वाचाळ मी, आणि आयुष्यात एकदाच खरं बोलायची वेळ आली तर मुका.

विभा प्रामाणिक बाई. जे छातीठोकपणे सांगता येत नाही ते ती लिहिणार नव्हती. ते प्रकरण काढून टाकत असल्याचं तिने सेन्सेइंना फोन करून सांगितलं. मग मोठ्या कचऱ्यासाठी नोंदणी केली, कोपऱ्यावरच्या कोंबिनीतून, म्हणजे दिवसरात्र उघड्या असणाऱ्या दुकानातून, त्याचे पैसे भरल्याचा स्टिकर आणला आणि माझ्या झाकणावर चिकटवला. चिकटवताना तिचा हात पोच्यावर थांबला. "सॉरी रे," ती म्हणाली. मी माझ्या आयुष्यात शिट्ट्या ऐकल्या, टाळ्या ऐकल्या, पण सॉरी प्रथमच ऐकलं. तेही असं.

ठरलेल्या सकाळी मी इमारतीखाली, एका मोडक्या खुर्चीशेजारी, कचऱ्याच्या गाडीची वाट बघत बसलो. वर पहिल्या मजल्यावरची स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. अनुराधाबाई पोह्यांना फोडणी देत होत्या आणि फोडणीच्या नादात चक्क ओल्या काड्यांचं गाणं गुणगुणत होत्या. शब्द कळत नव्हते म्हणून सगळं आकारात.

"आई, तुम्ही खालच्या सुरात म्हणताय," विभाचा आवाज आला. मलूल.

"मी बरोबर म्हणतेय. तुझाच बाप्या घसरलाय. घसरलाय म्हणजे वर चढलाय. गेल्या खेपेला त्सुकुबात पांढरी एकमध्ये गायचा. इथे आल्यापासून काळी दोन."

"बिघडलाय ना तो."

"बिघडलेलं असं नसतं गं! माझी पेटी बिघडली तेव्हा रोज नवी रडगाणी. आज हा सूर खाली, उद्या तो. हा तर रोज त्याच जागी. सा सोडला आणि कोमल गंधारावर जाऊन बसला, तिथून तसूभर हलला नाही. एवढा सुरेल बिघाड मी तरी पाहिला नाही बाई."

मग घाईघाईने अर्धी चूळ थुंकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ शैलेंद्र. "आई, काय म्हणालीस? सा आणि कोमल ग?"

"तोंड धुऊन ये आधी. फेस गळतोय पोह्यांवर."

"सा आणि कोमल ग म्हणजे कंपनांचं प्रमाण पाचास सहा! म्हणजे पन्नासास साठ!" काहीतरी स्टीलचं खाली पडलं. "विभा, मी गाढव आहे!"

"हे मी लग्नात ऐकलं होतं," विभा म्हणाली, "पण आज काय झालं?"

"अगं, त्सुकुबातली वीज सेकंदाला पन्नास ठोके देते आणि नागोयातली साठ! या देशात अर्ध्या भागात एक ठेका, अर्ध्यात दुसरा. भूकंपानंतर टीव्हीवर सतत हेच चाललं होतं, की पश्चिमेकडे वीज आहे पण पूर्वेला पुरेशी देता येत नाही. मी स्वतः लोकांना समजावून सांगत होतो! ट्रान्सफॉर्मर फक्त दाब बदलतो. ठोके तो भिंतीतलेच पुढे पाठवतो."

"आणि मिक्सर?"

"त्याची मोटर वेगळ्या जातीची. तिला ठेक्याशी काही देणंघेणं नाही."

मी म्हणतच होतो, त्या मिक्सरला कान नाहीत.

वर क्षणभर शांतता झाली. कॉलिनलाही जमली नसती अशी. मग विभा सावकाश म्हणाली, "म्हणजे हा डगमगत नाही. भिंत जे सांगेल तेच करतो. म्हणजे त्सुकुबात… दोन्ही रेकॉर्डी एकाच ठेक्यावर… म्हणजे माझं मोजमाप…"

"विभा," अनुराधाबाई खिडकीतून वाकून बघत म्हणाल्या, "ती गाडी आली बघ."

मित्रांनो, त्यानंतर जिन्यावर जो आवाज झाला तो भूकंपात झाला नव्हता. विभा खाली आली ती पायांत संडासातल्या स्लिपर घालून. जपानमध्ये त्या स्लिपर घालून बैठकीच्या खोलीत जरी पाऊल टाकलं, तरी माणूस आयुष्यभर शरमेने अर्धा होतो. ही तर भर रस्त्यावर. गाडीवाल्याने मला उचललंही होतं.

"सुमिमासेन!" ती ओरडली. माफ करा! आणि वाकली. तोही वाकला. ती आणखी वाकली. तो आणखी. त्याच्या हातात मी, त्यामुळे वाकण्याच्या प्रत्येक फेरीत माझं झाकण उघडून बंद व्हायचं. माझ्या मते आम्ही तिघे संध्याकाळपर्यंत वाकत होतो, पण अनुराधाबाई म्हणतात पोहे गरमच होते.

विभाने तिथेच फुटपाथवर बसून माझ्यावरचा स्टिकर नखाने खरवडला. ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. बहुधा आलटून पालटून.

शैलेंद्रने माझी पुली मोजून थोड्या बारीक पुलीचं चित्र काढलं आणि कंपनीच्या वर्कशॉपमधल्या मित्राकडून जेवणाच्या सुट्टीत ती करून आणली. पुली बारीक झाली की मोटर कितीही घाई करो, तबकडी आपल्या चालीने फिरते. जुनी पुली अनुराधाबाईंनी हळदीच्या रिकाम्या डबीत जपून ठेवली. मग त्या माझ्यासमोर मांडी घालून बसल्या, सा लावला आणि म्हणाल्या, "हं, सोडा त्याला." कॉलिन नेमका त्यांच्या सुरात ओरडला. पुण्याची गुरुवारची भजनं आणि विलायती पंक यांचा असा मेळ कुणी पाहिला नसेल. "पांढरी एक!" त्या म्हणाल्या. "आला बाई घरी."

वसंतात विभाला त्सुकुबात परीक्षकांसमोर, काढलेल्या प्रकरणासकट, प्रबंध मांडायचा होता. मी शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, गेलो, तिच्या मांडीवर. ट्रान्सफॉर्मर शैलेंद्रच्या मांडीवर. विद्यापीठात पोचल्यावर शैलेंद्र एकदम पांढराफटक पडला. "अगं, इथे परत पन्नास! नव्या पुलीवर हा रेंगाळेल. जुनी कुठाय?"

विभाने पर्समधून हळदीची डबी काढली. पुली पार पिवळी झाली होती. तिने तीच बसवली आणि पिवळ्या बोटांनी परीक्षकांसमोर उभी राहिली.

एका कडक चेहऱ्याच्या परीक्षकांनी विचारलं, "पंक म्हणजे आरडाओरडा. त्यात कवितेचा संबंध काय?"

"ओरडणं या मुलांचं स्वतःचं आहे," विभा म्हणाली. "पण गप्प बसणं ती त्या कवीकडून शिकली. कवीची रेकॉर्ड आता फुटली आहे. मोजमाप माझ्याकडे आहे आणि हे यंत्र कसं चालतं तेही मी तुम्हाला सांगितलं. आता नुसतं ऐका."

मी थोडं धुकं खोकलो आणि सुरू झालो. गाणं भरात आलं आणि थांबलं. खोलीत सुईची खरखर फक्त. तेवढ्यात मला दिसलं, मागच्या रांगेत बसलेले कुरिहारा सेन्सेइ डोळे मिटून ओठ हलवत होते. तरुणपणी रोज ऐकलेली त्या कवीची ओळ ते मनात म्हणत होते. ओळ संपली. त्यांनी श्वास धरला. आणि ज्या क्षणी त्यांनी तो सोडून पुढच्या ओळीसाठी ओठ उघडले, त्याच क्षणी कॉलिन पुन्हा ओरडला.

कडक परीक्षक वळून सेन्सेइंकडे बघत होते. गाणं पुन्हा थांबलं, पुन्हा सुटलं, आणि सेन्सेइंचे ओठ पुन्हा त्याच्याबरोबर उघडले. परीक्षकांनी हातातलं पेन खाली ठेवलं. विभाच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मला डोळे नाहीत, हा तपशील सोडून द्या.

आता विभा पीएचडी होऊन नागोयातल्याच एका कॉलेजात शिकवते. मी घरी पुण्याच्या कोपऱ्यात सुखात आहे. मिक्सरशी बोलणं सुरू झालंय, पण कामापुरतं.

म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. एखादं जुनं यंत्र, एखादं जुनं माणूस नव्या जागी जाऊन वेगळं वागू लागलं, तर त्याच्या कपाळी लगेच स्टिकर लावू नका. ते उभं आहे ती जागा त्याला कुठला ठेका देतेय, तो आधी ऐका. आमची धूळ पुसा, सुई बदला, आणि आमच्यासाठी हळदीची एखादी डबी रिकामी ठेवा.

आणि हो, यातलं खरं निम्मं ओळखलंत का? गाय कदाचित जिन्यापर्यंतच आली असेल. धुकंही दोन मुठी नसेल, एकच असेल. पण ती शांतता खरी होती. एका कवीने ती सोडली, ओल्या काड्यांनी उचलली, आणि मी तिला त्सुकुबात आणलं. वाटेत जराही सांडू दिली नाही.